हेलिकॉप्टरचा सांधा

हेलिकॉप्टर या शब्दाचे दोन तुकडे करा म्हटलं, तर कुणीही 'हेली' आणि 'कॉप्टर' असेच करील. इंग्रजी बोलणाऱ्यांनीही तेच केलं. 'हेली' हेलिपॅड, हेलिपोर्टला मिळालं. 'कॉप्टर' दुसरीकडे गेलं आणि लग्नात डोक्यावर घोंघावणारं चार पंख्यांचं ड्रोन 'क्वाडकॉप्टर' झालं. वाटणी सरळ दिसते, पण सांधा तिथे नव्हताच.

हा शब्द 1861 साली ग्युस्ताव्ह द पोंतों दामेकूर या फ्रेंच उमरावाने घडवला. जुन्या नाण्यांचा हा अभ्यासक फिरत्या पात्यांनी यंत्र वर उचलायच्या नादी लागला होता. वाफेवर चालणारं ॲल्युमिनियमचं छोटं यंत्रही त्याने केलं. ते काही उडालं नाही. सिकॉर्स्की या अभियंत्याचं व्हीएस-300 हे हेलिकॉप्टर अमेरिकेत उडालं ते 1939 मध्ये.

ग्रीक 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्र, समासात 'हेलिको'. 'प्टेरॉन' म्हणजे पंख. दोन्ही मिळून मळसूत्री पंख. टेरोडॅक्टिल या नामशेष उडत्या सरीसृपाच्या नावातही हाच 'प्टेर' आहे. इंग्रजीत तिथे 'प' लिहितात, पण बोलत नाहीत. शब्दारंभी 'प्ट' ही जोडी इंग्रजी जिभेला पेलत नाही. हेलिकॉप्टरमध्ये मागे स्वर होता म्हणून 'प' वाचला, पण शेजारच्या घरात जाऊन: हे-लि-कॉप-टर. मोठा आघात 'हे'वर, त्याहून हलका 'कॉप'वर. दोन ठोके पडले, आणि दुसऱ्या ठोक्याच्या अलीकडे लोकांनी शब्द तोडला. अर्थ बघायला कोण थांबतं? त्यामुळे 'क्वाडकॉप्टर' म्हणजे काटेकोरपणे चार पंख आणि त्यांना चिकटलेलं मळसूत्राचं शेपूट. हॅम्बुर्ग शहराच्या नावावरून आलेल्या हॅम्बर्गरमधून 'बर्गर' असाच सुटला.

'प्टेरॉन' आपल्याही नात्यातला. उडणे-पडणे या अर्थाचा संस्कृत 'पत्' त्याच मूळ धातूतून आला. संस्कृतात 'पत्र' म्हणजे पंखही आणि पानही; पोस्टमन आणतो ते पत्र त्यातलंच, पतंगही त्यातलाच.

मराठीत आपण बोलताना 'कॉप-टर' असंच म्हणतो. लिहिताना मात्र जोडाक्षर 'प'ला मागे जाऊ देत नाही. कागदावर हेलिकॉप्टर लिहा आणि 'प्ट'च्या आधी उभी रेघ मारून बघा. दामेकूरने जोड दिला तो तिथेच.