पाणबुडी दल, भारतीय

भारतीय नौसेनेची सागरपृष्ठाखालून युद्ध करणारी शाखा. तत्कालीन सोव्हिएट संघातील रीगा (लॅटव्हिया) येथे ८ डिसेंबर १९६७ रोजी कलवरी ही पाणबुडी नौसेनेत दाखल झाली व या शाखेचा प्रारंभ झाला. कमांडर के. एस. सुब्रमणियन् हे तिचे पहिले कप्तान होत. हा दिवस पाणबुडी दिन म्हणून पाळण्यात येतो. विशाखापटनम् व मुंबई ही दलाची दोन प्रमुख ठाणी आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत भारतीय नौसेना केवळ पृष्ठभागावरील युद्धनौका व विमाने यांवर अवलंबून होती. १९६४ मध्ये अमेरिकेकडून गाझी ही पाणबुडी मिळवून पाकिस्तानने या क्षेत्रात आघाडी घेतली. काही भारतीय अधिकाऱ्यांना ब्रिटनमध्ये पाणबुडीचे शिक्षण मिळाले होते व पाणबुड्याही तेथूनच घ्याव्यात, असा नौसेनेचा कल होता. तथापि आर्थिक अटी जुळल्या नाहीत. परिणामी १९६५ मध्ये सोव्हिएट संघाशी करार झाला. नौसैनिकांच्या तुकड्या व्लॅडिव्हस्टॉक येथे शिक्षणासाठी गेल्या. कलवरीपाठोपाठ खांदेरी (१९६८), करंज व कुरसुरा (१९६९) या त्याच वर्गातील पाणबुड्या आल्या. १९७३-७४ मध्ये वेला, वागीर, वागली व वागशीर या चार पाणबुड्यांची भर पडली.

पाणबुड्यांचा पहिला तळ विशाखापटनम् येथे वीरबाहू या नावाने १९७१ मध्ये उभा राहिला. तेथे किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच समुद्र खोल होतो. याउलट मुंबईसमोर सागरमग्न खंडभूमी सु. ३०० किमी. पसरलेली असून उथळ पाण्यात पाणबुडीला मोकळेपणाने बुडी घेता येत नाही. मुंबईहून निघालेल्या पाणबुडीस खोल पाणी गाठण्यासाठी बराच प्रवास करावा लागतो. मात्र अरबी समुद्रातील व्यापारी व तेलवाहू जहाजांचे मार्ग आणि कराचीचे सान्निध्य यांमुळे मुंबईचे महत्त्व कमी होत नाही. मुंबईतील वज्रबाहू हा पाणबुडी तळ १९९६ मध्ये रीतसर स्थापन झाला.

१९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात करंज व कुरसुरा अरबी समुद्रात, तर खांदेरी बंगालच्या उपसागरात गस्तीवर होती. लक्ष्याची निश्चित ओळख पटल्याखेरीज हल्ला करू नये, असे आदेश असल्याने त्यांच्या हातून एकही जहाज बुडाले नाही. करंजचे कप्तान व्ही. एस. शेखावत यांना वीरचक्र मिळाले. पुढे ते नौसेनाप्रमुख झाले. गाझी ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापटनम्‌समोर बुडाली. ती राजपूत या विनाशिकेच्या माऱ्याने बुडाली, असे भारतीय बाजूचे, तर अंतर्गत स्फोटाने अथवा स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने बुडाली, असे पाकिस्तानचे म्हणणे आहे. ९ डिसेंबर रोजी दीवजवळ हँगोर या पाकिस्तानी पाणबुडीने पाणतीर सोडून खुकरी ही फ्रिगेट बुडविली. तीत कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांसह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. एकटी पाणबुडी केवढी हानी करू शकते, हे भारतीय नौसेनेला या प्रसंगाने स्वतःची किंमत मोजून कळले.

संघटनेच्या दृष्टीने या दलात दुहेरी अधिकारव्यवस्था आहे. पाणबुडीने कोठे व कोणत्या कामगिरीवर जावे, हे पश्चिम अथवा पूर्व नौसेना विभागाच्या प्रमुखाच्या अखत्यारीत येते. त्याच्या वतीने मुंबई व विशाखापटनम् येथे प्रत्येकी एक कमोडोर पाणबुड्यांचे संचालन पाहतो. ध्वजाधिकारी (पाणबुडी) या पदाची निर्मिती ऐंशीच्या दशकात झाली. प्रशिक्षण, सुरक्षिततेचे दंडक, देखभालीचे मानदंड आणि पाणबुडी युद्धाचे तंत्र हे त्याचे क्षेत्र होय. या रचनेत स्थानिक सेनापतीचे स्वातंत्र्य अबाधित राहते. पण पाणबुडी समुद्रावर जाण्यास योग्य आहे की नाही आणि तिची निकड किती, या दोन प्रश्नांची उत्तरे दोन वेगवेगळ्या कचेऱ्यांत शोधावी लागतात. अण्वस्त्रे वाहणाऱ्या अरिहंत वर्गातील पाणबुड्यांवरील नियंत्रण सामरिक बल विभागाकडे आहे. या सेवेत स्वेच्छेने येणाऱ्यांनाच घेतात. विशाखापटनम् येथील सातवाहन या संस्थेत त्यांना शिक्षण मिळते. त्यात बुडालेल्या पाणबुडीतून बाहेर पडण्याचा सरावही असतो.

पाणबुड्यांच्या बांधणीचे भारतातील पहिले केंद्र मुंबईची माझगाव गोदी होय. ११ डिसेंबर १९८१ रोजी पश्चिम जर्मनीतील एका कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. शिशुमार व शंकुश या कील येथे (१९८६), तर शाल्की (१९९२) व शंकुल (१९९४) या माझगाव गोदीत बांधण्यात आल्या. शाल्की ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. सर्व कर्मचाऱ्यांना सामावून घेऊन पृष्ठभागावर येणारा सुटकेचा गोल हे या वर्गाचे वैशिष्ट्य आहे. दलालीच्या आरोपांमुळे पुढील पाणबुड्यांचा विचार सोडून देण्यात आला. प्रचंड दाब सहन करणाऱ्या पोलादी कवचाचे वेल्डिंग शिकलेल्या कारागिरांना पाणबुडीचे काम उरले नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये फ्रेंच कंपनीशी सहा पाणबुड्यांचा करार झाला, तेव्हा हे कौशल्य जवळजवळ नव्याने उभारावे लागले. शंकुलनंतर मुंबईत बांधलेली पुढची पाणबुडी, नवी कलवरी, १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली. मधे २३ वर्षे गेली. तिच्यानंतर खांदेरी (२०१९), करंज व वेला (२०२१), वागीर (२०२३) आणि वागशीर (२०२५) या आल्या. सहाही नावे निवृत्त झालेल्या जुन्या पाणबुड्यांची आहेत. त्यांपैकी खांदेरी हे नाव शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईसमोरील बेटावर बांधविलेल्या व इंग्रजांच्या विरोधास न जुमानता टिकविलेल्या जलदुर्गाचे होय.

या दीर्घ खंडाच्या काळात दलाचा भार मुख्यतः १९८६ पासून आलेल्या सिंधुघोष वर्गातील दहा रशियन पाणबुड्यांवर होता. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौसेना गोदीत सिंधुरक्षक या पाणबुडीत स्फोट होऊन ती जागच्या जागी बुडाली. आतील १८ जणांपैकी कोणीही वाचले नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात सिंधुरत्न या पाणबुडीत धूर होऊन दोन अधिकारी मृत्यू पावले. त्याच दिवशी नौसेनाप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी दुर्घटनांची नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. खोल पाण्यात अडकलेल्या पाणबुडीतील माणसांना बाहेर काढण्याचे स्वतःचे साधन भारताजवळ तेव्हाही नव्हते. असे पहिले बचावयान डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत दाखल झाले. दुसरे पूर्व किनाऱ्यासाठी आहे. बचावयान वाहून नेणारी निस्तार ही नौका जुलै २०२५ मध्ये विशाखापटनम् येथे नौसेनेत दाखल झाली. १९७१ मध्ये गाझीच्या अवशेषांची पाहणी करणाऱ्या नौकेचे नावही निस्तारच होते.