उगम चुकलेल्या धमन्या : प्रस्तावना

नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही मैदानावर पहाटे जा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं घड्याळ लावून सोळाशे मीटर मारत असतात. त्यातला एखादा कोसळला की कारणं तयारच असतात : उपाशीपोटी पळाला, ऊन लागलं, पित्त झालं. कागदावर ‘हार्ट अटॅक’ लिहिलं की विषय मिटतो. बाविशीतल्या पोराला अटॅक आलाच कसा, हा प्रश्न राहून जातो. आपल्या अभ्यासाची सुरुवात तिथून आहे.

प्रमाणाचं भान मात्र आधी हवं. तरुणपणीचे बहुतेक झटके धमनीत चरबी साचून आणि गुठळी होऊनच येतात. तंबाखू, मधुमेह, घराण्यातलं कोलेस्टेरॉल हे नेहमीचे आरोपी. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या (कोरोनरी) धमन्यांतले जन्मजात दोष साधारण शंभरात एकाला, तेही बहुतांशी निरुपद्रवी. स्नायूत थोडं अंतर बुडी मारणारी धमनी, म्हणजे ‘ब्रिज’, कित्येकांना आयुष्यभर जाणवतही नाही.

खरी धास्ती डाव्या धमनीची. ती महाधमनीच्या मुळाशी असलेल्या उजव्या सायनसमधून (फुगवट्यातून) निघून महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधून जाते तेव्हाची. एरवी गोल असणारं तिचं तोंड इथे शर्टाच्या काजासारखं चिरलेलं असतं, आणि पुढचा काही भाग महाधमनीच्या भिंतीतूनच सरकतो. बसल्याजागी काही बिघडत नाही. धावताना महाधमनी फुगते, हृदयाची रक्ताची मागणी वाढते आणि नेमकी तेव्हाच ती चीर आवळली जाते. स्नायू उपाशी पडतो, ठोक्यांची लय कोलमडते. गुठळीचा इथे संबंधच नसतो.

क्रिस्टिना बास्सो, बॅरी मॅरॉन आणि सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिका व इटलीतल्या, चुकीच्या सायनसमधून धमनी निघालेल्या २७ मृत तरुण खेळाडूंच्या नोंदी मांडल्या. सगळे जोराच्या श्रमात किंवा त्यानंतर लगेच गेले होते. ज्यांचे आधी ईसीजी काढले होते, ते नॉर्मल होते. स्ट्रेस टेस्टही नॉर्मल. काहींना मात्र धावताना भोवळ येऊन गेली होती किंवा छातीत दुखलं होतं. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोलाची ओळ हीच. दुसरीकडे पीट मॅराविच हा बास्केटबॉलपटू डाव्या धमनीविनाच एनबीएत दहा हंगाम खेळला आणि १९८८ साली चाळिशीत खेळतानाच गेला. हा दोष असा लहरी आहे.

मुंबईच्या पोलीस भरतीत २०१४च्या जूनमध्ये ५ किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले. त्यामागे हाच दोष होता असं मी म्हणत नाही. तिथे उकाड्याचीच चर्चा झाली. पण शवविच्छेदनात धमन्यांचे उगम पाहिले नाहीत, तर हो किंवा नाही काहीच म्हणता येत नाही. नांदेड-विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी हृदय कापण्याआधी डाव्या-उजव्या धमन्यांची दोन तोंडं शोधावीत, त्यांची जागा आणि आकार नोंदवावा.

जिवंतपणी निदान शक्य आहे. एको करणाऱ्याने मुद्दाम पाहिलं तर उगम बऱ्याचदा दिसतात, शंका सीटी अँजिओग्राफीने फिटते, आणि शस्त्रक्रियेने तोंड मोकळं करता येतं. म्हणून धावता धावता भोवळ आलेल्या मुलाला लिंबू-सरबत पाजून पुन्हा मैदानावर सोडू नका. एकोच्या चिठ्ठीवर ‘कोरोनरीचे उगम पाहावेत’ असं स्पष्ट लिहून द्या.