क्लच सोडताना

मोटारसायकल शिकणाऱ्या माणसाची पहिली फजिती सर्वत्र सारखीच असते. गाडी सुरू होते, पहिला गिअर ‘टक्’ असा आवाज करून पडतो, डाव्या हाताची चार बोटे क्लच सोडतात आणि गाडी एक हिसका देऊन जागच्या जागी बंद पडते. मागे बसलेला काका अथवा मित्र म्हणतो, “हळू सोड.” ‘हळू’ म्हणजे नेमके किती, हे मात्र तो सांगू शकत नाही, कारण ते त्यालाही शब्दांत ठाऊक नसते. दुसऱ्या खेपेस शिकाऊ अधिक रेस देतो, गाडी पुढे उसळते आणि मागचा माणूस कॅरिअरला लटकतो. तिसऱ्या खेपेपर्यंत प्रेक्षक जमलेले असतात.

प्रस्तुत लेखाचे आम्ही दोघे लेखक एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एक जण मामाच्या बुलेटवर शिकला, तर एक जण शेजारच्या काकूंच्या लुनावर. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची ती फजिती आम्ही दोघांनीही आपल्या अंगच्या नालायकीच्या खाती जमा केली होती. पुढे या यंत्राचा इतिहास वाचताना ध्यानात आले, की नवशिक्याच्या बहुतेक अडचणी त्याच्या नसून यंत्राच्या आहेत, आणि प्रत्येक अडचणीला स्वतःचा असा जन्मकाळ आहे.

आरंभी क्लच नव्हताच. गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली जी लाकडी दुचाकी बनवली, तिला तोल सावरण्यासाठी दोन्ही अंगांना एकेक लहान चाक होते. म्हणजे पहिल्या मोटारसायकलला आजच्या लहान मुलांच्या सायकलीसारखी आधाराची चाके होती. ती बनवणाऱ्यांनाच तोलाचा भरवसा नव्हता, याचा आम्हांला फार दिलासा वाटतो. १८९४ साली म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी गाडी काढली. तिचे दट्टे दांड्यांनी थेट मागच्या चाकाला जोडलेले होते. इंजिन फिरले की चाक फिरणार, चाक थांबले की इंजिन थांबणार. मधे सोडवणूक नाही. म्हणून ती ढकलत पळायचे आणि इंजिनने पेट घेताच उडी मारून वर बसायचे. पुढे पट्ट्यावर चालणाऱ्या इंग्रजी गाड्यांचीही कित्येक वर्षे हीच रीत होती. गर्दीत थांबायची वेळ आली की इंजिन बंद, पुन्हा पळापळ. त्या काळचा नवशिक्या क्लच सोडताना चुकत नसे. तो धापा टाकत चुकत असे.

क्लचने ही धाव वाचवली, पण तिच्या जागी एक बारीक कसब आणून ठेवले. इंजिन फिरते आहे, चाक स्थिर आहे, आणि या दोहोंची गाठ घसरत घसरत घालून द्यायची आहे. आपल्याकडे ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात, तो हाच घसरण्याचा पट्टा. तो प्रत्येक गाडीत निराळ्या जागी असतो, तार ताणली की बदलतो, प्लेटी झिजल्या की सरकतो. हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळते. व्याकरणात ज्याला अपवाद म्हणतात तसे हे आहे: नियम सांगता येत नाही, सवयच लागावी लागते.

हातापायांची वाटणीही कित्येक दशके ठरलेली नव्हती. अमेरिकेतल्या जुन्या हार्ले गाड्यांना क्लच पायात आणि गिअरचा दांडा टाकीशेजारी हातात असे. जुन्या इंडियन गाड्यांचा ॲक्सिलरेटर डाव्या मुठीत असे. ब्रिटिश गाड्यांवर प्रथम पिळण्याची मूठच नव्हती. पेट्रोल, हवा आणि ठिणगीची वेळ यांसाठी हँडलवर निरनिराळे खटके असत आणि चढ आला की ते सारे पुन्हा जुळवावे लागत. मूठ पिळून वेग वाढवण्याची कल्पना मात्र याहून जुनी आहे. बॉस्टनजवळच्या सिल्व्हेस्टर रोपर यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस वाफेची दुचाकी केली, तिचे हँडलच फिरवायचे असे. हेच रोपर १८९६ साली, बहात्तराव्या वर्षी, आपल्या वाफेच्या दुचाकीवर धावपट्टीवर फेऱ्या घेत असताना कोसळून वारले.

पिळण्याच्या मुठीत एक खोट आहे आणि ती नवशिक्याला हमखास गाठते. गाडी अचानक उसळली की शरीर मागे जाते, माणूस आधारासाठी मूठ घट्ट धरतो, मनगट खाली झुकते आणि मूठ आणखी पिळली जाते. म्हणजे भीतीने जे करावेसे वाटते त्यानेच वेग वाढतो. कुंपणात घुसलेल्या गाडीची चाके फिरतच राहतात ती यामुळे. ‘घाबरू नकोस’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. मनगट आधीपासूनच सपाट ठेवायला शिकवणे हा उपाय आहे, आणि तो आम्हांला कोणीही सांगितला नाही.

आता मामाच्या बुलेटकडे वळतो. १९५० च्या दशकात भारतीय लष्करासाठी मागवलेली आणि नंतर मद्रासला बनू लागलेली ही गाडी मुळात इंग्रजी वळणाची. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात; पहिला गिअर वर, बाकीचे खाली. सुरू करणे हा एक स्वतंत्र विधी होता. अँपिअरमापकाचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, डीकॉम्प्रेसर ओढून दट्टा किंचित पुढे न्यायचा, मग एकच भरदार किक. चुकलात तर किक उलटी बसे आणि पोटरीवर आठवडाभर निळा डाग राही. मामा तो डाग पाहून “आता तू शिकलास” असे म्हणत. दुखापत हीच पदवी मानण्याची ही रीत आम्हांला तेव्हाही पटली नव्हती.

खरी गोची नंतर झाली. १९८४ आणि १९८५ या दोन वर्षांत इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहाची आरएक्स १०० अशा जपानी घराण्याच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर आल्या. त्यांचा गिअर डाव्या पायात, ब्रेक उजव्या. अमेरिकेने १९७० च्या दशकाच्या मध्यास हीच मांडणी सक्तीची केल्यावर जगभर ती रूढ होत गेली, पण बुलेटने ती स्वीकारायला २००० नंतरचे दशक उजाडावे लागले. मधल्या काळात एकाच घरात दोन उलट्या व्याकरणांच्या गाड्या नांदत होत्या. हिरो होंडावर शिकलेला मुलगा बुलेटवर बसला आणि समोर म्हैस आली, तर तो सवयीने उजवा पाय खाली दाबणार. बुलेटवर त्याने ब्रेक लागत नाही, वरचा गिअर पडतो. मैसूरची जावा-येझदी आणखी वेगळी: तिची किक आणि गिअर यांचा दांडा एकच, किक मारून झाली की तोच वळवून गिअरसाठी वापरायचा.

आणि बजाज स्कूटर! तिच्या नवशिक्यांवर एखादा ग्रंथ व्हावा. गिअर डाव्या मुठीत, क्लच त्याच मुठीवर. क्लच दाबून धरायचा आणि दाबलेल्या अवस्थेतच अख्खी मूठ फिरवायची. पहिल्या-दुसऱ्याच्या मधे न्यूट्रल. ते नेमके सिग्नलला सापडत नसे. इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे नवख्याला गाडी एका बाजूस ओढते आहे असे वाटे. सकाळी किक मारण्यापूर्वी तिला कलती करण्याचा जो कुलाचार घरोघर चाले, तो बहुतेकांना आठवत असेल. पण त्या स्कूटरची सर्वांत मोठी अडचण यांत्रिक नव्हतीच. ती नोंदवल्यावर मिळायला वर्षानुवर्षे लागत. अशी तपश्चर्येने मिळालेली वस्तू मुलाच्या हाती शिकायला देणार कोण? पडलास तर गुडघ्याआधी बापाचे लक्ष पत्र्याकडे जाई. पडण्याची मुभा नसेल तर शिकणे दुरापास्त होते. म्हणून ते शिकणे चोरून झाले: दुपारी वडील झोपलेले असताना, इंजिन बंद ठेवून, कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊन.

या पार्श्वभूमीवर १९७२ साली आलेल्या लुनाचे मोल आम्हांला मोठे वाटते. पन्नास सीसी, गिअर नाही, हाताचा क्लच नाही. वेग वाढला की केंद्रोत्सारी क्लच आपोआप पकड घेतो. पेट्रोल संपले तर पायडल मारा. होंडाने १९५८ च्या सुपर कबमध्ये हाताचा क्लच काढून टाकला, तोही असाच विचार करून. सोबा नूडल्स पोहोचवणाऱ्या पोऱ्याला एका हाताने गाडी हाकता यावी, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. लुनाच्या बाबतीत तो पोऱ्या म्हणजे आमच्याकडची शिक्षिका, परिचारिका, दूधवाला, शिकवणीला जाणारी मुलगी. आमच्यापैकी जी लुनावर शिकली, तिला शिकायला एक संध्याकाळ पुरली, कारण तोल सायकलने आधीच शिकवला होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने पालकांच्या संमतीने सोळाव्या वर्षी बिनगिअरची पन्नास सीसीपर्यंतची गाडी चालवण्याची मुभा दिली. त्या परवान्यावर आमच्या गावातल्या कितीतरी मुली बारावीला तालुक्याच्या गावी जाऊ शकल्या. मर्दानी गाड्यांच्या गौरवगाथांत ‘लुना’ हा शब्द चेष्टेचा झाला, हे आम्हांला खटकते.

तोलाविषयी एक गंमत सांगितली पाहिजे. विमानवाले राइट बंधू मुळात सायकलींचे दुकानदार. त्यांतील विल्बर ओळखीच्या सायकलस्वारांना विचारी, डावीकडे वळताना तुम्ही काय करता? सारे म्हणत, हँडल डावीकडे वळवतो. वस्तुतः प्रथम हँडल क्षणभर उजवीकडे जाते, गाडी डावीकडे कलते, आणि मग वळण घडते. हे करणाऱ्या कोणालाही ते आपण करतो याची जाणीव नव्हती. मोटारसायकलवर वेगात हेच घडते. वळणावर घाबरलेला नवशिक्या हँडल वळणाच्या दिशेने रेटतो, गाडी उलट सरळ होते आणि रस्त्याच्या बाहेर जाते.

आमचा एक विद्यार्थी असाच गेला. द्वितीय वर्षाला होता, वडिलांच्या स्कूटरवर शिकलेला, दिवाळीत नवी मोटारसायकल घेतलेला. घाटातले उजवे वळण. गाडी सरळ कठड्यावर गेली. पाहणाऱ्यांनी सांगितले, मागचे चाक घासल्याची लांब रेघ उठली होती. म्हणजे त्याने केवळ पायाचा ब्रेक दाबला होता. पुढचा ब्रेक धरू नकोस, गाडी उलटते, हे त्याला घरी पढवले होते. आम्हांलाही तेच पढवले गेले होते. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसच्या परिसरातील नऊशे अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ सालच्या त्या अहवालात हेच आढळते. अपघातात सापडलेले स्वार मागचे चाक घसरवतात आणि पुढचा ब्रेक पुरता वापरत नाहीत. आणि त्यांतील ९२ टक्के स्वार स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. त्या मुलाकडे पक्के लायसन्स होते. परीक्षेत त्याला आठचा आकडा काढायला लावला होता, तो त्याने पाय न टेकता काढला होता. आठचा आकडा फार सावकाश काढतात.

त्याच्या शोकसभेत कोणीतरी ‘आजकालच्या मुलांना वेगाची नशा’ असे बोलले. आम्ही गप्प बसलो, याचा सल आहे.

गेल्या महिन्यात महाविद्यालयाच्या मैदानावर एक विद्यार्थिनी आपल्या आईला विजेची स्कूटर शिकवत होती. क्लच नाही, गिअर नाही, किक नाही, आवाजही नाही. आई दोन्ही पाय जमिनीला घासत चालली होती आणि मुलगी बाजूने पळत होती. “आई, पाय वर घे.” “घेते गं, पण आधी तू मागून धर.” मुलीने मागची दांडी धरली. मग तिने आईला थांबवले, तिचे मनगट हातात घेतले आणि ते मुठीवर सपाट करून दाखवले. हे तिला कोणी शिकवले, ते विचारायचे राहून गेले.