तबकडी कुठे बसवायची?

आज जरा यंत्रांविषयी.

रीळ घालायचा, सगळं हाताने जुळवायचा कॅमेरा ज्यांनी वापरलाय त्यांना आठवेल. फोटोआधी तीन गोष्टी जमवाव्या लागत: फोकस, ॲपर्चर (भिंगातून किती उजेड आत घ्यायचा ते) आणि शटरचा वेग. पहिल्या दोन भिंगावरची कडी फिरवून. तिसरी मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत डोक्यावरच्या तबकडीने. म्हणजे डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला, आणि वेग बदलायला उजवं बोट नेमकं बटणावरून काढायचं! ही जागा हाताची सोय पाहून ठरली नव्हती, यंत्राची पाहून ठरली होती.

1925 साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यात शटर म्हणजे कापडी पडदे, उभ्या रुळांवर गुंडाळलेले. रूळ उभे, म्हणून त्यांच्याशी जोडलेली तबकडी वर, डोक्यावर. शटर सुटलं की तीही गरकन फिरायची. रीळ पुढे सरकवायचं, मग तबकडी उचलून वेग लावायचा, असा क्रम. 1933 मध्ये मंद वेग आले ते पुढच्या बाजूला वेगळी छोटी तबकडी घेऊन. एकाच कामाला दोन तबकड्या! 1954 च्या एम3 मध्ये सगळे वेग एका तबकडीवर आले आणि ती जागेवर स्थिर राहू लागली. रोलायफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यांत शटर भिंगातच असे, म्हणून त्याचा ताबाही भिंगाजवळ. न्याय तोच.

1965 च्या निकोरमॅट एफटीमध्ये वेगाचं कडं भिंगाच्या बुडाशी आलं. पण मला खरा आवडतो तो ऑलिंपसचा ओएम-1. योशिहिसा मैतानी यांनी तो 1972 मध्ये एम-1 या नावाने आणला. एम हे अक्षर आमचं, अशी लायकावाल्यांची हरकत आली आणि नावात 'ओ' वाढला. (नावांची भांडणं सगळीकडे सारखीच.) मैतानींना कॅमेरा लहान करायचा होता. वेगाची यंत्रणा त्यांनी वरून काढून आरशाच्या पेटीच्या तळाशी नेली आणि वेगाचं कडं भिंगाच्या बुडाशी बसवलं. भिंगाशिवाय वजन साधारण 510 ग्रॅम. आता डाव्या हातात तीन कडी: अंगाशी वेग, मध्ये फोकस, टोकाला ॲपर्चर. उजव्या हाताला बटण आणि रीळ सरकवायची दांडी, बस्स. डोक्यावर जिथे वेगाची तबकडी असायची तिथे फिल्मच्या संवेदनशीलतेची बसवली. ती एका रिळाला एकदाच लावायची, तेव्हा तिने वर बसावं हे योग्यच.

माझ्या भाच्याकडे असा एक आहे. डोळे मिटून तो हातात घेतला तरी कोणतं कडं कशाचं हे दोन मिनिटांत कळतं. तबकडीवाले म्हणतात की वरून नुसती नजर टाकली की वेग दिसतो, कॅमेरा डोळ्याला लावावा लागत नाही. मुद्दा बरोबर आहे, पण मी कड्याच्याच बाजूचा.

डावखुऱ्यांचं काय? वर्गात डाव्या हाताने लिहिणारी मुलं असत, त्यांना उजव्या हाताच्या जगात रोज वाकडं व्हावं लागे. कॅमेऱ्यांचंही तेच. अपवाद ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टाचा (1936): त्याचं बटणही डावीकडे आणि रीळ सरकवायची दांडीही डावीकडे. बाकी जवळपास साऱ्या दुनियेने बटण उजवीकडेच ठेवलं.

दिशेचाही प्रश्न असतोच. 1998 च्या लायका एम6 टीटीएलमध्ये तबकडी मोठी केली आणि फिरण्याची दिशा उलटी केली. व्ह्यूफाइंडरमधला बाण दाखवील तिकडेच ती फिरवायची. अगदी तर्कशुद्ध. पण ज्यांच्या बोटांना जुनी दिशा पाठ होती त्यांना तर्क काय सांगणार? 2003 साली आलेल्या एमपीवर तबकडी पुन्हा लहान झाली आणि जुन्याच दिशेने फिरू लागली.