सातव्या रेघेपासून ऑक्सफर्डपर्यंत

तुम्ही अफजलपूरचे. घरात मराठी, पेठेत कानडी, बसस्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर दख्खनी. एकीतून दुसरीत शिरताना तुमची जीभ अडखळत नाही. धर्माचंही तसंच. उरसाला गुलबर्ग्यात बंदेनवाजांच्या दर्ग्यात, रथाच्या वेळी शरणबसवेश्वराला, पौर्णिमेला तालुक्यातल्याच गाणगापूरला. पण धर्म हा अभ्यासाचाही विषय असतो, त्याचा वर्ग भरतो, एका धर्माचा ग्रंथ दुसऱ्या धर्माच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचतात, हे तुमच्या गावीही नसतं. असा वर्ग तुम्हाला दाखवायचा आहे. तो भरतो परमुलखात, पण त्याच्या बाकावर आपल्याच सीमाभागातला एक माणूस बसलेला आहे. वाट मात्र तुमच्या उंबऱ्यापासून निघते.

पहिला मुक्काम गाणगापूर, पंधरावं शतक. भीमा-अमरजेचा संगम मागं टाकून तुम्ही मठाकडं येता. फुफाट्यात पाय घोट्यापर्यंत रुततात. मठासमोर गर्दी आहे, कारण दोन वेदपंडित वाद घालायला आलेत. गुरुचरित्र सांगतं, हे दोघं बीदरच्या यवन राजापुढं वेद म्हणून बिदागी घेऊन आलेले. राजाला वेद ऐकायची, त्यांचा अर्थ समजून घ्यायची इच्छा होती. ग्रंथकर्त्याला हे रुचलेलं नाही, पंडितांच्या लोभावर त्यानं चांगलेच कोरडे ओढलेत. मला मात्र त्या राजाचं कुतूहल महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याचा धर्म काय म्हणतो हे त्याच्याच तोंडून ऐकावं, असं कुणाला तरी आपल्या या मुलखात तेव्हा वाटत होतं, आणि पोथीनं नाखुशीनं का होईना, त्याची नोंद ठेवली.

पंडितांची मागणी एकच: वाद करा, नाहीतर जयपत्र लिहून द्या. मठाचे गुरू नृसिंहसरस्वती वाटेनं जाणाऱ्या एका माणसाला बोलावतात. तो लांब उभा राहतो. तुम्ही त्याच्याकडं बघा, पंडितांकडं नंतर बघता येईल. गर्दी त्याच्यासाठी आपोआप मागं सरली आहे आणि त्याला त्याचं काहीच वाटलेलं नाही. ही सवय त्याला जन्मापासूनची आहे. गुरूंच्या सांगण्यावरून शिष्य जमिनीवर सात रेघा ओढतो. एकेक रेघ ओलांडली की त्या माणसाला मागचा एकेक जन्म आठवतो. पाचवीला तो वैश्य होता, सहावीला क्षत्रिय, सातवीला ब्राह्मण. अंगाला भस्म लागतं आणि तो वेद म्हणू लागतो. पंडित गळाठतात. पुढं त्याची बायको-मुलं शोधत येतात, तर तो त्यांना दूर राहा म्हणतो, शिवू नका म्हणतो. मग गुरूंच्या आज्ञेनं त्याच्या अंगावर पाणी ओततात, भस्म धुऊन जातं, आठवण जाते. तो घरी परततो, होता तसा.

गाणगापुरात ही कथा ऐकत लहानाचे मोठे झालेले हजारो लोक आहेत आणि ती ऐकताना त्यांचे डोळे भरून येतात, हे मला ठाऊक आहे. गर्विष्ठ पंडितांपेक्षा वाटेवरचा माणूस मोठा ठरला, हे तिचं बळ. पण तुम्ही आता गर्दीत उभे राहून ती डोळ्यांनी बघितलीत. वेद म्हणायला त्याला सातवी रेघ का ओलांडावी लागली? पहिल्या रेघेच्या अलीकडं, जसा आहे तसा, तो का बोलू शकला नाही? हा प्रश्न मनात ठेवा.

आता 1901. गाणगापूर रोड स्टेशनवर मुंबईची गाडी धरा. आजूबाजूचा मुलूख निजामाच्या राज्यात आहे आणि नुकताच 1899-1900 च्या दुष्काळातून उठलाय. मुंबईत प्लेगचं पाचवं-सहावं वर्ष. सप्टेंबरात विलायतेला निघालेल्या तुमच्याच बोटीवर एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण चढतो: विठ्ठल रामजी शिंदे. जन्म 23 एप्रिल 1873, जमखंडी, तेव्हाचं पटवर्धनांचं संस्थान, आज कर्नाटकात. घर मराठी, गाव कानडी. तुम्ही डेकवर त्यांच्याशी कानडीत बोललात तरी चालेल. वडील वारकरी. स्वतः फर्ग्युसनचे पदवीधर आणि प्रार्थना समाजाचे. इंग्लंडमधल्या युनिटेरियन, म्हणजे उदारमतवादी ख्रिस्ती, मंडळींनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करण्यासाठी हिंदुस्थानी विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देऊ केली आणि ती यांना मिळाली. जाण्यासाठी बडोद्याच्या सयाजीरावांनी हात दिला. ज्या काळात आपली हुशार मुलं बॅरिस्टर नाहीतर आयसीएस व्हायला विलायत गाठत, त्या काळात हा माणूस परमेश्वराबद्दल माणसांनी काय काय म्हणून ठेवलंय ते शिकायला निघाला होता.

ऑक्सफर्ड. मॅन्सफील्ड रोड. कॉलेजची इमारत नवीच, 1893 ची. थंडीनं तुमची बोटं वळत नाहीत. हे कॉलेज इथं कसं, हे समजून घ्या, कारण त्यातच अर्धी गोष्ट आहे. ऑक्सफर्डची दारं 1871 च्या कायद्यापर्यंत इंग्लंडच्या सरकारी चर्चला न मानणाऱ्यांना पुरती उघडलेली नव्हती. म्हणून अशा लोकांनी 1786 मध्ये मँचेस्टर शहरात आपलं स्वतंत्र कॉलेज काढलं, ते सत्य, स्वातंत्र्य आणि धर्म यांना वाहिलं, गावोगाव हलवलं आणि 1889 मध्ये ऑक्सफर्डला आणलं. तुम्ही ज्या दिवशी इथं आला आहात, त्या दिवशीही विद्यापीठाची ईश्वरविद्येतली वरची पदवी सरकारी चर्चबाहेरच्या माणसाला मिळत नाही. ती अट सुटायला 1920 उजाडेल. म्हणजे जगातले धर्म मोकळ्या मनानं शिकवणारे हे लोक स्वतः रेघेच्या बाहेर उभे राहिलेले आहेत.

चॅपेलमध्ये डोकवा. चित्रकार बर्न-जोन्सनं आखलेल्या आणि मॉरिसच्या कारखान्यात घडलेल्या रंगीत काचा. सृष्टीच्या सहा दिवसांचे सहा देवदूत, प्रत्येकाच्या हाती एक गोल आणि त्या गोलात त्या त्या दिवसाची निर्मिती. मूर्तिपूजेपासून चार हात दूर राहणाऱ्या प्रार्थना समाजाच्या माणसासोबत तुम्ही इथं उभे आहात, आणि काचेतून येणारा निळा-तांबडा उजेड तुमच्या दोघांच्याही अंगरख्यांवर सारखाच पडतोय.

मग पुस्तकं. पौर्वात्य धर्मग्रंथांची ती प्रसिद्ध माला: मॅक्स म्युलरनं संपादित केलेली, 1879 पासून निघत असलेली, पन्नास खंडांची. म्युलर तुम्ही येण्याच्या एक वर्ष आधी, ऑक्टोबर 1900 मध्ये, याच गावात वारला. उपनिषदं, कुराण, अवेस्ता, जैन सूत्रं, कन्फ्यूशियसचे ग्रंथ. आठवा खंड काढा. भगवद्गीतेचं भाषांतर, 1882, आणि भाषांतरकाराचं नाव काशिनाथ त्र्यंबक तेलंग. मुंबईचा मराठी माणूस. इतक्या लांब, परक्या थंडीत, ते नाव छापलेलं बघून ऊर भरून येतो. आणि एक गोष्ट शोधूनही सापडणार नाही: या मालेत बायबल नाही. म्युलरला ते हवं होतं, चर्चवाल्यांनी होऊ दिलं नाही. इतरांचे धर्म शेजारी शेजारी मांडायला त्यांची हरकत नव्हती, आपला त्या रांगेत नको होता. जगातल्या धर्मांचा कुठलाही अभ्यास बघताना मी आधी हेच तपासतो, की शिकवणारानं स्वतःचा ग्रंथ त्याच फळीवर ठेवलाय की वर वेगळा.

मँचेस्टर कॉलेजात तो त्याच फळीवर आहे. प्राचार्य जेम्स ड्रमंड नव्या कराराचे जाणकार. तो करार केव्हा लिहिला गेला, कुणी लिहिला, कशात कुणाची भर आहे, हे ते इतिहासाच्या कसोटीवर शिकवतात. आणि तौलनिक धर्माला आहेत जोसेफ एस्टलिन कार्पेंटर. पालीचे गाढे पंडित. ऱ्हीस डेव्हिड्सबरोबर दीघनिकायाच्या संपादनाचं काम त्यांनी हाती घेतलंय. त्यांच्या आजोबांनी, लँट कार्पेंटर यांनी, 1833 मध्ये ब्रिस्टलला राममोहन रॉय वारले तेव्हा त्यांच्यावर प्रवचन केलं होतं. आत्या मेरी कार्पेंटर चारदा हिंदुस्थानात येऊन गेल्या. तेव्हा या वर्गात हिंदी विद्यार्थी बसणं ही त्यांच्या घराण्याला नवलाई नाही.

तुम्ही दहावा खंड घेऊन कोपऱ्यात बसा. त्यात सुत्तनिपात आहे, फाउसबोलनं केलेलं भाषांतर, 1881. वसलसुत्त काढा. सावत्थीत एक ब्राह्मण अग्नीपुढं बसलेला. भिक्षेला आलेल्या बुद्धाला तो दुरूनच हटकतो, तिथंच थांब म्हणतो, नीच म्हणतो. बुद्ध शांतपणे विचारतो, नीच कशानं होतं हे तुला माहीत आहे का? आणि मग एकेक कृत्य सांगत जातो. जन्मानं कुणी नीच होत नाही, जन्मानं कुणी ब्राह्मण होत नाही. दाखला देतो मातंगाचा, चांडाळाच्या पोराचा, ज्याच्या दर्शनाला क्षत्रिय आणि ब्राह्मण येत.

इथं तुम्हाला गाणगापूरचा तो माणूस आठवतो. तोही थांबवलेला होता. पण मातंगाला मागचे जन्म आठवावे लागले नाहीत. तो पहिल्या रेघेच्या अलीकडंच मोठा झाला. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि जी तुम्ही लहानपणापासून पाठ म्हणत आलात तिच्यातली एक जागा पहिल्यांदा उघडी पडली. कुणी तुमच्या पोथीचा अपमान केला नाही. कुणी धर्म बदला म्हटलं नाही. फक्त दुसरी पोथी जवळ आणून ठेवली. या विद्येचं खरं काम मला हेच दिसतं, आणि म्हणून ती आपल्या प्रत्येक कॉलेजात, गुलबर्ग्यात, सोलापुरात, शिकवली जायला हवी असं मला मनापासून वाटतं. नुसतं नांदणं पुरत नाही. शेजाऱ्याच्या उरसाला जाणारा माणूस शेजाऱ्याच्या ग्रंथात काय आहे याबद्दल जन्मभर अडाणी राहू शकतो, आणि भडकवणारे नेमका त्याच अडाणीपणाचा फायदा घेतात.

शिंद्यांची इथली दोन वर्षं वर्गातच गेली नाहीत. युनिटेरियन मंडळींनी शहरांतल्या गरीब वस्त्यांत चालवलेली कामं त्यांनी हिंडून पाहिली. सप्टेंबर 1903 मध्ये ॲमस्टरडॅमला उदारधर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथं हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर त्यांनी निबंध वाचला. ऑक्टोबरात ते मुंबईला परतले.

परत आलेल्या अशा पंडितानं काय करावं? प्रोफेसर व्हावं, ग्रंथ लिहावेत, मान घ्यावा. तुम्ही त्यांच्या मागोमाग चला. 1905, अहमदनगरजवळचं भिंगार. अस्पृश्यांनी स्वतः चालवलेली शाळा आणि रात्री भरलेली त्यांची सभा शिंदे पाहतात आणि आपलं काम कोणतं, हे तिथं ठरतं. 18 ऑक्टोबर 1906 ला मुंबईत परळला, शिंद्यांनी अस्पृश्यांसाठी काढलेल्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीची पहिली शाळा उघडते. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर. बहीण जनाक्का या कामात भावाच्या बरोबरीनं उतरते. चार वर्षांपूर्वी जो माणूस पालीच्या सुत्तांत बुडालेला पाहिलात, तो आता शिवायला जिथं लोक भितात अशा वस्त्यांत दारोदार फिरतोय. सवर्ण जातभाई दुरावले, प्रार्थना समाजातल्या काहींशी खटके उडाले, पुढं दलित नेत्यांशीही मतभेद झाले. ही सगळी किंमत त्यांनी मोजली.

अभ्यास मात्र सुटला नाही. शेवटचा मुक्काम 1927, ब्रह्मदेश. पन्नाशी उलटलेले शिंदे बौद्ध धर्म त्याच्या नांदत्या घरात बघायला आलेत. तुम्ही सोनेरी पॅगोडा बघून हरखून जाता. मनात वसलसुत्त आहेच, इथं तरी रेघ नसेल असं धरून चालता. शिंदे पॅगोड्याकडं पाठ करून भोवतीच्या माणसांची चौकशी करतात. आणि कळतं की इथंही आहेत: पॅगोड्यांना पिढ्यानपिढ्या वाहिलेले दास, ज्यांच्याशी सोयरीक होत नाही, ज्यांच्या सोबत जेवायला इतर लोक बसत नाहीत. बुद्धाच्याच देवळाच्या पायऱ्यांशी.

वही काढा, ते टिपतात तसं टिपून घ्या. 1933 मध्ये त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ प्रसिद्ध होईल, त्यात ब्रह्मदेशातल्या बहिष्कृतांवर एक स्वतंत्र प्रकरण असेल. ऑक्सफर्डला ज्या सुत्तानं तुमच्या पोथीला प्रश्न विचारला, त्या सुत्ताच्या अनुयायांनाही शिंदे आता तोच प्रश्न विचारताहेत: तुमच्याकडं कुणाला तिथंच थांबवलं जातं, केव्हापासून, आणि कुणाच्या सांगण्यावरून? विचारताना त्यांचा आवाज चढत नाही. उत्तर देणारा म्हातारा दास आधी गोंधळतो, मग आपल्या बापाचं नाव सांगतो, आज्याचं सांगतो, आणि ते एकेक नाव नीट लिहून घेईपर्यंत तुम्हाला तिथून हलता येत नाही.