स्लाऊची वाफ आणि मनोऱ्यांवरचा वारा

लंडनच्या पश्चिमेकडच्या स्लाऊ शहराच्या आकाशात उठून दिसलेली पहिली प्रसिद्ध बांधणी म्हणजे एक दुर्बीण. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी १७८९ मध्ये ती इथे पूर्ण केली. तिची नळी चाळीस फूट लांब होती आणि तिला पेलणारा सगळा लाकडी सांगाडा गोल पायावर हव्या त्या दिशेला वळवता येई. त्या भागातल्या लोकांना असली युक्ती नवी नव्हती. स्लाऊ तेव्हा बकिंगहॅमशर परगण्यात होतं आणि त्याच परगण्यात पिटस्टोनची पवनचक्की अजून उभी आहे. तिच्या लाकडावर १६२७ साल कोरलेलं आहे. अख्खी चक्की एका जाड खांबावर तोललेली. वारा फिरला की चक्कीवाला तिचं तोंड फिरवायचा. ती उभी केली तीही मोकळ्या शेतात, घरादारांपासून लांब. जागा निवडताना वाऱ्याचं ऐकायचं, हे त्या गिरणीवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे उंच मनोऱ्यांवर पवनचक्कीची पाती बसवणाऱ्यांना तेच नव्याने शिकावं लागलं.

स्लाऊला ऊर्जेचं वेड मात्र वाऱ्यापासून लागलं नाही. १८४३ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेच्या कडेने विजेची तार इथे पोचली. १८४५ च्या पहिल्याच दिवशी स्लाऊहून गेलेल्या तारेमुळे खून करून आगगाडीने निसटलेला जॉन टॉवेल लंडनमध्ये ओळखला गेला आणि पुढे पकडला गेला. विजेची ताकद सामान्य इंग्रज माणसाला पटली ती अशा बातम्यांतून.

खरी कहाणी सुरू होते पहिल्या महायुद्धानंतर. बाथ रोडलगत सरकारने लष्करी मोटारींच्या दुरुस्तीचं मोठं आगार उभारायला घेतलं होतं. १९२० मध्ये नोएल मॉब्ज आणि पर्सिव्हल पेरी यांच्या गटाने ते गाड्यांसकट विकत घेतलं. दुरुस्त केलेल्या गाड्या विकून झाल्यावर शेड रिकाम्या पडू लागल्या, तेव्हा त्या कारखान्यांना भाड्याने द्यायला सुरुवात झाली. स्लाऊ ट्रेडिंग इस्टेट जन्माला आली ती अशी. १९२६ मध्ये सिट्रोएन आली, १९३२ मध्ये मार्स चॉकलेटवाले आले.

या वसाहतीचं सगळ्यात मोलाचं वैशिष्ट्य तिच्या चिमण्यांखाली होतं. वसाहतीचं स्वतःचं वीजघर होतं. ते भाडेकरू कारखान्यांना वीज तर द्यायचंच, शिवाय वीज करताना लागणारी वाफही नळांतून पुरवायचं. एरवी वीजनिर्मितीत निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते; इथे ती शेजारच्या कारखान्यांत कामाला लागायची. आधी कोळसा, नंतर लाकडाचा भुसा-चिपा आणि कचऱ्यापासून केलेलं इंधन, असं इंधन बदलत गेलं, पण शेजाऱ्यांनी मिळून ऊर्जा वापरण्याची रीत टिकली. शाश्वत इमारत हा शब्दही नव्हता त्या काळातली ही गोष्ट आहे, म्हणून तिचं कौतुक जास्त.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र सगळ्यांच्या नजरा गच्चीकडे लागल्या. इमारत उंच, उंचावर वारा जोराचा, मग तिथेच पाती का बसवू नयेत? विचार चुकीचा नव्हता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते. बहारीनच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरने २००८ मध्ये हे धाडस केलं. शिडाच्या आकाराचे २४० मीटर उंचीचे दोन मनोरे, आखाताचा वारा त्यांच्या मधल्या फटीत कोंडून वेगाने जातो आणि तिथल्या तीन पुलांवर २९ मीटर व्यासाची पाती बसवली आहेत. इमारतीच्या गरजेच्या ११ ते १५ टक्के वीज मिळेल, असा अंदाज होता. तिथे वाऱ्यासाठी अख्खी इमारत घडवली होती.

लंडनमध्ये एलिफंट अँड कॅसलला २०१० मध्ये स्ट्रेटा नावाचा १४८ मीटरचा मनोरा झाला. माथ्यावर तीन भोकं, प्रत्येकात ९ मीटर व्यासाची पाती, प्रत्येकी १९ किलोवॉटची. आठ टक्के वीज मिळेल असं सांगितलं होतं. पण पाती फिरताना क्वचितच दिसतात, हे वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं लिहीत राहिली. इंग्लंडमधल्या वॉरिकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचण्यांचा अनुभव तर आणखी बोलका आहे. २००७ ते २००९ दरम्यान इमारतींवर २६ छोट्या पवनचक्क्या बसवून मोजमाप घेतलं. बहुतेकांची वीज अंदाजापेक्षा फारच कमी निघाली. उंच इमारतींवरची पाती सर्वांत चांगली चालली, पण आवाजाने रहिवासी हैराण झाले आणि तीच बराच काळ बंद ठेवावी लागली. शहरातला वारा छपरांवर आपटून भोवऱ्यासारखा फिरतो, पात्यांना सरळ प्रवाह मिळत नाही आणि थरथर भिंतींतून थेट झोपायच्या खोलीत उतरते.

स्लाऊहून एम-४ रस्त्याने पश्चिमेला निघालं की रेडिंगपाशी ग्रीन पार्कची पवनचक्की दिसते. २००५ पासून ती तिथे आहे. ती एकटी दोन मेगावॉटची, म्हणजे स्ट्रेटाच्या तिन्ही पात्यांच्या मिळून पस्तीसपट. देवगडचा कडा किंवा साताऱ्याकडचं चाळकेवाडी-वनकुसवड्याचं पठार पाहिलेल्या मराठी माणसाला पवनचक्कीची खरी जागा मोकळ्या वाऱ्यात असते, हे वेगळं सांगायला नको. पुण्यात हडपसरला सुझलॉन ही पवनचक्क्या बनवणारीच कंपनी आहे. ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी तिचं मुख्यालय आखलं, ते बुटकं, उजेडाचं आणि अंगणांचं. आवारात छोट्या पवनचक्क्या आणि सौर पॅनेल आहेत, पण गरजेचा लहानसा वाटाच तिथे तयार होतो.

स्लाऊच्या चाल्व्ही भागात २०१० मध्ये ग्रीनवॉट वे नावाची दहा घरं बांधली गेली. छपरांवर सौर पॅनेल आणि सगळ्या घरांना मिळून एक ऊर्जाघर, जिथून गरम पाणी नळांनी घरोघर जातं. जुन्या वीजघराची वाफ आठवावी, अशीच ही रचना आहे, आणि गच्चीवर फिरणाऱ्या पात्यांपेक्षा ती कितीतरी जास्त कामाची आहे.

आज त्याच ट्रेडिंग इस्टेटमध्ये डेटा सेंटरांची दाटी झाली आहे. युरोपातल्या सर्वांत मोठ्या समूहांपैकी हा एक. ही केंद्रं प्रचंड वीज खातात आणि त्यातली जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. पश्चिम लंडनमध्ये ओल्ड ओक आणि पार्क रॉयल भागात अशाच डेटा सेंटरांच्या उष्णतेवर सुमारे १०,००० घरं गरम ठेवण्याची योजना आहे; २०२३ मध्ये तिला ३ कोटी ६० लाख पौंडांचं सरकारी अनुदान मंजूर झालं. स्लाऊमध्ये आता रेल्वे स्टेशनभोवती उंच घरं उभी राहत आहेत. त्यांच्या नकाशात गच्चीवरच्या पात्यांआधी तळमजल्याशी येणाऱ्या गरम पाण्याच्या नळाला जागा ठेवावी.