के. के. रेंज आणि ग्रामसभांचे ठराव

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर शहरालगतचे के. के. रेंज हे लष्कराचे रणगाडा व तोफखाना सरावाचे क्षेत्र नगर तालुक्यातील खारे कर्जुने या गावाच्या नावाने ओळखले जाते. नगर आणि लष्कर यांचे नाते जुने आहे. 1803 मध्ये आर्थर वेलस्लीने भुईकोट किल्ला घेतला आणि पुढे ब्रिटिश काळात येथे छावणी राहिली. स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे स्थिरावले आणि 1979 मध्ये यांत्रिकी पायदळाचे केंद्रही आले. रणगाड्यांना मोकळा माळ लागतो, आणि तोफांचा पल्ला जसजसा वाढला तसतशी सरावाला जागा कमी पडू लागली.

प्रत्यक्ष लष्कराच्या ताब्यातील जमिनीपलीकडे नगर, पारनेर आणि राहुरी या तीन तालुक्यांतील 23 गावे सरावक्षेत्रात येतात. लोक या पट्ट्याला ‘आर-टू’ म्हणतात. येथे सातबारा शेतकऱ्याच्या नावावर असतो, पण गोळीबाराच्या दिवशी त्याला शेत सोडावे लागते. न फुटलेले गोळे हा दुसरा धोका. भंगारासाठी ते उचलताना खारे कर्जुने परिसरात माणसे दगावली आहेत.

या व्यवस्थेचा कायदेशीर आधार 1938 चा, म्हणजे ब्रिटिश काळातला, युद्धसराव व तोफखाना सरावविषयक कायदा आहे. त्यानुसार राज्य सरकार अधिसूचना काढून ठरावीक मुदतीसाठी सरावाचे क्षेत्र जाहीर करते. आधी वर्तमानपत्रात सूचना द्यायची, गावात दवंडी पिटायची, आणि पिकाच्या नुकसानीची पाहणी महसूल अधिकाऱ्याने करायची, अशी तरतूद आहे. कायदा गावाला कळवायला सांगतो. गावाची संमती मात्र तो कोठेही मागत नाही. 1993 मध्ये 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले, तरी या जुन्या कायद्यात तिला जागा झाली नाही. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय बंधनकारक करणारा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता आहे. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात असे क्षेत्र आहे, पण के. के. रेंजची गावे त्यात येत नाहीत. 2013 च्या भूसंपादन कायद्यानेही संरक्षणाच्या तातडीच्या कामासाठी सामाजिक परिणाम अभ्यासातून सूट देण्याची वाट ठेवली.

2020 मध्ये ही जमीन लष्कर कायमची संपादित करणार, अशी भीती पसरली आणि गावे उठली. राहुरी तालुक्यातील लोकांचा संताप समजण्यासारखा होता. बारागाव नांदूरजवळ मुळा धरण झाले तेव्हा तेथील जमीन पाण्याखाली गेली. 1968 मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठासाठी आणखी काही गावांनी शेते दिली. धरणाच्या फुगवट्यापलीकडील वावरथ-जांभळीच्या लोकांना तर राहुरी गाठायला होडीचा आधार घ्यावा लागला. एकदा उठलेल्या माणसांना पुन्हा उठवणे हा अन्याय होता, आणि तसे म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. बैठका झाल्या, ग्रामसभांत विरोधाचे ठराव झाले, निवेदने गेली. सप्टेंबर 2020 मध्ये शरद पवार यांनी पारनेरचे तत्कालीन आमदार नीलेश लंके यांच्यासह दिल्लीत संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांची भेट घेतली. ठरावाला कायद्याचे वजन नसल्याने गावांना राजकीय वजनाचा आधार शोधावा लागला.

स्थानिक नकाराची अशी अवस्था इतरत्रही दिसते. इंग्लंडमधील लँकेशायर काउंटी कौन्सिलने 2015 मध्ये खडक फोडून वायू काढण्याच्या प्रकल्पाला परवानगी नाकारली. पुढच्याच वर्षी केंद्रीय मंत्री साजिद जाविद यांनी तो निर्णय फिरवला. 2019 मध्ये भूकंपाचे धक्के बसल्यावर सरकारनेच हे काम थांबवले. मात्र तेथे कौन्सिलचा नकार हा निदान कायद्याने दिलेला निर्णय होता, जो रद्द करावा लागला.

के. के. रेंजला खरे जवळचे उदाहरण झारखंडमधील नेतरहाटचे आहे. तेथेही 1938 चाच कायदा लागू होता आणि 245 गावे सरावक्षेत्रात येत होती. मार्च 1994 मध्ये टुटुवापानी येथे आदिवासींनी रस्त्यावर ठाण मांडून लष्कराच्या गाड्या परतवल्या आणि पुढे जवळपास तीन दशके आंदोलन टिकवले. मे 2022 मध्ये अधिसूचनेची मुदत संपली, आणि ऑगस्टमध्ये हेमंत सोरेन सरकारने ती न वाढवण्याचा निर्णय घेतला. अधिसूचना काढण्याचा अधिकार राज्याकडे असल्याने तो निर्णय रांचीत होऊ शकला. के. के. रेंजच्या बाबतीत तोच अधिकार मुंबईत, राज्य सरकारकडे आहे.